शंभर फील्डच्या आत

आमच्याकडे रोजचा निकाल एकच, 'निगेटिव्ह'. कराड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. वर्षाकाठी लोकसंख्येच्या किमान 10 टक्के लोकांचं रक्त हिवतापासाठी तपासायचं, असं गणित. त्यामुळे आशाताई आणि आरोग्य सेवक तापाचा रुग्ण दिसला की बोट टोचून स्लाईड घेतात आणि गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. प्रत्येक स्लाईडचे शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा गोल भाग, असे शंभर बघायचे. बघून बघून डोळे मरतात, खरं सांगतो.

ऑगस्टातली गोष्ट. साडेचार वाजले होते, बाहेर पाऊस, सदतीस स्लाईड झालेल्या. अडतिसावी महामार्गाच्या कामावरच्या मजुराची. मूळ झारखंडचा, इथे येऊन तीन आठवडे झालेले. तीन दिवस एका खाजगी दवाखान्यात टायफॉईड म्हणून सुया घेऊन आलेला. मी जांभई देत ऑईलचा थेंब टाकला. साठाव्या फील्डच्या आसपास केळ्यासारखं काहीतरी सरकलं. रंगाचा डाग असेल म्हणून पुढे गेलो. मग परत आलो.

डाग नव्हता. नऊवारीतल्या बाईच्या कपाळावर कोरावी तशी चंद्रकोर, मधे काळपट दाणे. आजूबाजूला खड्याच्या अंगठ्यांसारखे बारीक जंतू. फाल्सिपेरम, हिवतापाचा सगळ्यात घातक जंतू! ट्रेनिंगनंतर बारा वर्षांत प्रत्यक्ष रुग्णाच्या रक्तात मी पहिल्यांदाच बघत होतो. व्हायव्हॅक्स हा त्याचा सौम्य भाऊ अधूनमधून निघतो, हा नाही. याचा ताप डोक्यात जातो, माणूस बेशुद्ध पडतो.

आमचे डॉक्टर निघायच्या बेतात होते. "सर, एकदा बघा की." त्यांनी बघितलं आणि बॅग खाली ठेवली.

कोर दिसली म्हणजे लागण होऊन निदान दहा दिवस उलटलेत. शिवाय आमच्याकडे हा जंतू निघत नाही. म्हणजे तो ताप बहुधा गावाकडूनच घेऊन आला होता. पण इथे त्याला चावणारे डास मात्र आपलेच. डासाच्या पोटात या कोरींपासून जंतू तयार व्हायला पुन्हा दहा-बारा दिवस. तेवढीच काय ती सवड.

त्याच संध्याकाळी आरोग्य सेवकाबरोबर कॅम्पवर गेलो. तो पत्र्याच्या शेडमध्ये घोंगडी गुंडाळून कुडकुडत होता. हिवतापाच्या गोळ्यांचं मोठ्यांसाठीचं पांढरं पाकीट उघडून पहिल्या गोळ्या समोर गिळायला लावल्या. "तीन दिन खाना है, ठीक लगे तो भी," आरोग्य सेवक म्हणाला. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस. तो कोरींसाठी, म्हणजे रुग्णापेक्षा गावासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची बोटं टोचली. स्वयंपाक करणारा पोरगा हसत होता, "मुझे तो कुछ नहीं हुआ." संध्याकाळी त्याच्याही स्लाईडवर अंगठ्या निघाल्या. ताप नाही, काही नाही, भाकरी थापतोय आपला.

शेडमागे सिमेंटच्या कामासाठी पाणी साठवलेली टाकी होती, उघडी. वाडग्याने पाणी काढलं. एरवी गटारातल्या अळ्या शेपूट वर करून तिरक्या लटकतात. या अळ्या मात्र पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या होत्या. ॲनॉफिलीस, म्हणजे हिवताप पसरवणारे डास. बांधकामाच्या स्वच्छ पाण्यात वाढणारी आपल्याकडची ओळखीची जात म्हणजे स्टीफेन्सी. हीच जात 2012 मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडली. त्या वर्षी तिथे हिवतापाचे 27 रुग्ण होते, 2020 मध्ये 73 हजारांवर. 2023 मध्ये जगभरात या आजाराने जवळपास सहा लाख माणसं गेली, बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. मला हे आकडे ट्रेनिंगच्या स्लाईडवर बघून माहीत होते. वाडग्यातल्या अळ्या बघितल्यावर ते पहिल्यांदा जवळचे वाटले.

टाकी रिकामी केली, झाकण करायला लावलं, फवारणी झाली. मुकादम कुरकुरला, "एवढ्याशा तापासाठी?" त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. मीच साठाव्या फील्डला पुढे निघून गेलो होतो.

पुढे आसपास कुणाला निघाला नाही. सातव्या दिवशी दोघांच्या स्लाईड स्वच्छ आल्या. पहिल्या दिवशीची एक जादा स्लाईड मात्र मी डबीत जपून ठेवलीय. मागच्या महिन्यात शिकाऊ मुलगी आली, तिला ती लावून दिली. बराच वेळ डोळा लावून बसली होती. मग म्हणाली, "सर, पुस्तकात केवढ्या मोठ्या दाखवतात हो. मी तर पुढेच गेले असते."