लाल्या, अंबाडी आणि हिंदुकुशचे एक जांभळे झाड

मागच्या दिवाळीनंतर, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, कॅनडात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एका झाडाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, ओळखा बरं." पाने गडद जांभळी, काही ठिकाणी काळपट वाटावीत इतकी गडद होती, फुलोऱ्यातून नारिंगी तंतू बाहेर आले होते आणि त्यावर पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर होता. बांधावर बसलेल्या शेजारच्या काकांना मी तो फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी क्षणभर पाहिले आणि निकाल दिला, "हे त अंबाडी होय. लाल्या आला तिले."

काकांची दोन्ही निदाने चुकली होती, पण त्यांतले एकही वायफळ नव्हते. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनॅबिनस असे आहे आणि ते तिच्या पंजासारख्या विभागलेल्या पानावरून पडले आहे, कारण ते पान भांगेच्या, म्हणजे कॅनाबिसच्या पानासारखे दिसते. ज्वारीच्या कण्या घालून जी भाजी आपण घरोघरी रांधतो, तिच्या नावातच गांजाचे झाड दडलेले आहे, हे आपल्या आयाबायांना कोणी सांगितलेले नसावे, हे बरेच झाले. लाल्याकडे, म्हणजे कपाशीची पाने लाल करणाऱ्या रोगाकडे, मी पुढे येतो.

फोटोतले झाड गांजाच्या 'पर्पल कुश' या वाणाचे होते. भाच्याच्या शेजाऱ्याने ते घरात वाढवले होते. कॅनडात २०१८पासून त्याला कायद्याने मुभा आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावता येतात. हा वाण कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरातला म्हणून ओळखला जातो आणि हिंदुकुश व पर्पल अफगाणी या दोन डोंगरी जातींचा तो संकर मानला जातो. झाड बुटके, भरगच्च, रुंद पानांचे. फुलोरा घट्ट आणि लवकर तयार होणारा. संकर अमेरिकेतला असला, तरी झाडाची ही ठेवण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सीमेवरील पर्वतरांगांनी घडवलेली आहे.

तिकडच्या मूळ जातींना 'लँडरेस' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'गावरान' हा चपखल शब्द आहे. संकरित आणि नंतर बीटी वाण येण्यापूर्वी आपल्या शेतांत जो आखूड धाग्याचा देशी कापूस होता, तो कोणत्याही प्रयोगशाळेने घडवलेला नव्हता. शेतकऱ्याने दरवर्षी बी राखले आणि पाऊस, ऊन व किडी यांनी चाळणी लावली, यातून तो उभा राहिला होता. हिंदुकुशच्या दऱ्यांमध्येही तेच घडले, फक्त चाळणी वेगळी होती. तिथे हवा कोरडी, उन्हाळा छोटा आणि थंडी लवकर येणारी. ज्या झाडाला फुलायला वेळ लागेल ते बी धरण्याआधीच गारठून जाणार. म्हणून झाड बुटके झाले आणि लवकर पिकू लागले. त्यात माणसाचाही हात होता. तिकडे वाळवलेले झाड कापडावर चाळून राळ वेगळी काढतात आणि तिचा चरस बनवतात, त्यामुळे राळ जास्त देणाऱ्या झाडांचेच बी राखले जाणे ओघानेच आले. आपल्या हिमालयातील मलाण्यात ही राळ ताजा फुलोरा तळहातांवर चोळून काढतात. झाड जवळचे असले तरी रीत वेगळी. युरोप-अमेरिकेतले भटके तरुण १९६० आणि १९७०च्या दशकांत खुष्कीच्या मार्गाने अफगाणिस्तानातून जात होते आणि त्यांच्याबरोबर हे बी कॅलिफोर्नियात व नेदरलँड्समध्ये पोहोचले.

आता लाल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री गार पडू लागल्या, जमिनीत मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले, की कपाशीची पाने कडेपासून लाल होऊ लागतात आणि कृषी सहायक मॅग्नेशियम सल्फेट फवारायला सांगतो. त्या लाल रंगाचे कारण अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य आहे, आणि पर्पल कुशचा जांभळा रंगही त्याच कुळातल्या रंगद्रव्याचा आहे. थंडीने हरितद्रव्य कमी होते आणि झाकलेला किंवा नव्याने तयार होणारा जांभळा रंग वर येतो. फरक एवढाच की कपाशीत तो उपासमारीची खूण असतो, तर या वाणात रंग धरण्याची क्षमता वंशातूनच आलेली असते आणि थंड रात्री तिला फक्त चालना देतात. काकांनी रोग म्हटले तो रोग नव्हता, परंतु रंग त्यांनी बरोबर ओळखला होता.

या रंगाभोवती बाजाराने जे महत्त्व उभे केले आहे, ते मला पटत नाही. अँथोसायनिन पाण्यात विरघळते. लाल अंबाडीची बोंडे पाण्यात टाकली की सरबताला जो रंग चढतो तो याचाच, आणि त्यात लिंबू पिळले की तो आणखी लाल होतो, कारण आम्लात हे द्रव्य लालीकडे झुकते. या झाडाची नशा मात्र टीएचसी या द्रव्यात असते. ते १९६४मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींमधील राळेत तयार होते, तेलात विरघळते आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणजे रंग एका कोठीत आणि नशा दुसऱ्या कोठीत. जांभळे झाड जास्त कडक असते, ही समजूत लालभडक मिरची हमखास जास्त तिखट असते म्हणण्यासारखी आहे, आणि भिवापूरच्या मिरचीच्या मुलखातल्या माणसाला त्यातली फट सांगावी लागू नये.

अशा बुटक्या वाणांना बाजार लावतो त्या 'इंडिका' या नावाचा घोळ तर याहून मोठा आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडनच्या लिनीयसने १७५३मध्ये कॅनाबिस सटायवा हे नाव दिले. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून इंडिका ही वेगळी जाती मांडली. लामार्कची ही इंडिका उंच आणि अरुंद पानांची होती. पुढे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ शुल्टेस यांनी १९७४च्या सुमारास अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना इंडिका म्हटले आणि व्यवहारात तेच नाव रूढ झाले. परिणामी भारतावरून पडलेले नाव अफगाण झाडाला चिकटले आणि भारतातल्या उंच झाडाला बाजार आज सटायवा म्हणतो. इंडिका झोप आणते आणि सटायवा तरतरी देते, हे दुकानातले वर्गीकरणही कच्चे आहे: कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवले की या पाट्यांचा झाडांच्या एकंदर जनुकीय नात्याशी फारसा मेळ बसत नाही आणि त्या मुख्यतः मिर्सिनसारख्या मोजक्या सुगंधी द्रव्यांशी जुळतात. म्हणजे पाटी लावणारा वंश ओळखत नाही, वास ओळखतो.

भाच्याने शेवटी विचारले होते, "आपल्याकडे होईल का हे?" पहिले उत्तर कायद्याचे आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुरीच्या ओळींत गांजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एके काळी चित्र वेगळे होते. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातील खंडव्याकडे सरकारी परवान्याने गांजाचे पीक घेतले जाई आणि १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या, म्हणजे गांजा-भांगेच्या चौकशी आयोगाच्या, अहवालात त्याची नोंद आहे. दुसरे उत्तर हवामानाचे आहे. हे झाड दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. पस्तिसाव्या अक्षांशाच्या लांबलचक उन्हाळी दिवसांची सवय असलेले झाड आपल्या एकविसाव्या अक्षांशावर अंग धरण्याआधीच फुलोऱ्यावर येण्याचा संभव आहे, आणि तेही भर पावसाळ्यात. कोरड्या डोंगरासाठी घडलेला तो घट्ट फुलोरा श्रावणभादव्याच्या झडीत आतून बुरशीने सडेल, अगदी कपाशीच्या बोंडसडीसारखा. आणि जांभळा रंग आणणारी थंडी येईल तेव्हा झाड उरलेले नसेल.

हे सगळे मी काकांनाही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, फोटो पुन्हा मागून पाहिला आणि म्हणाले, "पोराले सांग, मॅग्नेशियम मार म्हणा एक खेप."