सखूची वाटी, बंड्याची वाटी

सोलापूर, १८ मे

आज सकाळी आमच्या सखू मांजरीच्या वाटीत ४० ग्रॅम ओले खाद्य घातले आणि वीस मिनिटांनी वाटी उचलून काट्यावर ठेवली, तेव्हा १२ ग्रॅम उरले होते. गेल्या पंधरवड्यातला हा सर्वांत चांगला आकडा आहे.

सखू १३ वर्षांची आहे. बंड्या हा बोका जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना, दोन महिन्यांचा असताना घरी आला. तेव्हापासून एप्रिलपर्यंत दोघांसाठी एकच ताटली भरून ठेवण्याची चूक मी केली, आणि ती चूक आहे हे कळायलाही मला तीन महिने लागले. ताटली संध्याकाळपर्यंत रिकामी होत असे, म्हणून दोघेही पोटभर जेवतात असे घरात सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात वाढत्या वयाचा बंड्या स्वतःचे खाऊन सखूच्या वाट्याचेही संपवत होता आणि सखूने खाणे जवळजवळ सोडले होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तिला टोपलीत बसवून तोलले तेव्हा ३.९ किलोची मांजर ३.२ वर आलेली दिसली. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ घटक, वाढलेले निघाले. मूत्रपिंडे थकली आहेत, असे पशुवैद्यांनी सांगितले.

अडचण अशी की या दोघांच्या गरजा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतात ते फॉस्फरस थकलेल्या मूत्रपिंडांना पुरेसे बाहेर टाकता येत नाही, म्हणून सखूच्या खाद्यात ते कमी आणि प्रथिने बेताची पण उत्तम प्रतीची असावी लागतात. बंड्याची हाडे अजून वाढत आहेत. त्याला कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिने भरपूर हवीत. त्याने सखूच्या वाटीतले दोन घास चोरले तर बिघडत नाही, परंतु रोज तेच खाऊन त्याचे भागणार नाही. सखूचा ओढा मात्र नेमका बंड्याच्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांकडे आहे.

आईचे म्हणणे असे की पूर्वी मांजरे दूध-भाकरीवर जगत होती, तेव्हा हे काटे आणि वह्या कोणाला ठाऊक होत्या? मी तिला सांगितले की ती मांजरे दूध-भाकरीवर नव्हे, धान्याच्या पोत्यांमागच्या उंदरांवर जगत होती. मांजराला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य भाकरीत नसते, ते मांसातूनच मिळते. ते कमी पडले तर मांजराचे हृदय दुबळे होते हे १९८७ साली सिद्ध झाल्यावर खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनाही त्याचे प्रमाण वाढवावे लागले होते. आईने ऐकून घेतले आणि दुपारी सखूला सुकटीचे डोके देऊ केले. तेही मी काढून घेतले. त्यात मीठ आणि फॉस्फरस दोन्ही असतात. आई अजून रुसलेली आहे.

सध्या बंड्या स्वयंपाकघरात दार लावून जेवतो आणि सखू आतल्या खोलीत, कपाटाशेजारी. बंड्याला दिवसातून चार वेळा, सखूलाही चार वेळा, पण थोडे थोडे. वाट्या उचलल्याशिवाय दारे उघडायची नाहीत. नवे खाद्य सखूच्या जुन्या खाद्यात चमचा चमचा मिसळत तीन आठवडे घालवले, कारण पशुवैद्यांनी बजावले होते की योग्य खाद्यापुढे उपाशी बसलेल्या मांजरापेक्षा चुकीचे खाऊन पोट भरलेली मांजर बरी. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. म्हणूनच परवा पाहुण्यांनी दार उघडे टाकल्यावर सखूने बंड्याच्या वाटीत तोंड घातलेले पाहून मी रागावले, पण तिला लगेच ओढून काढले नाही.

उन्हाने मात्र सगळे वेळापत्रक विसकटले आहे. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के आणि ओल्या खाद्यात पाऊणहून अधिक असते, म्हणून सखूला ओलेच द्यावे लागते. आणि पारा ४२ वर असताना तेच ओले खाद्य तासाभरात वास सोडते आणि त्यापूर्वी मुंग्या त्यावर येतात. मी वाटी पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवते. फ्रीजमधले खाद्य गरम पाण्याचा चमचा घालून कोमट केले की त्याचा वास पसरतो आणि सखू मान वर करते. चवीपेक्षा वासावरच तिचा अधिक भरवसा असावा. पिण्याच्या पाण्याचे वाडगे आता चार ठिकाणी आहेत, सर्व जेवणापासून दूर. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. तरी पिंपातले पहिले तांबे तिच्या वाडग्यांत जातात, आणि ती बहुधा मोरीतल्या बादलीतूनच पिते.

रात्री नऊची वाटी: २६ ग्रॅम खाल्ले, १४ उरले. बंड्याने दाराखालून पंजा घातला होता. उद्या फटीला जुन्या चादरीची घडी लावायची आहे आणि रविवारी सखूला पुन्हा किराणा दुकानात तोलायचे आहे.