ज्युपिटरचे शार्क आणि ती मासळीची पेटी

मी मालवणचा, त्यामुळे शार्क म्हणजे माझ्यासाठी लहानपणापासून ताटातली तिखट मोरी, पाण्यात जिवंत आणि एवढी मोठी कधी बघितलीच नव्हती. 2023 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडाला मावसभावाकडे गेलो तेव्हा तो म्हणाला दादा चल, शार्क दाखवतो. ज्युपिटर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावाचं लाल लाइटहाऊस मागे टाकून बोट निघाली ती 3 नॉटिकल मैल ओलांडल्यावरच थांबली, कारण अलीकडचं पाणी राज्याचं आणि तिथे डायव्हरना दाखवायला माशांना खाऊ घालायची 2002 पासून बंदी. थांबलो तिथूनही किनाऱ्यावरच्या बिल्डिंगांची रांग दिसत होती बरं का.

पाण्यात उतरलो. गाइडच्या हातात स्टीलच्या जाळीचा ग्लव्ह आणि मासळीच्या तुकड्यांनी भरलेली प्लॅस्टिकची पेटी. त्याने तुकडा पुढे केला आणि एक लेमन शार्क माझ्या अगदी शेजारून सरकत आली, घास घेताना तिच्या डोळ्यावर पांढरट पडदा ओढला गेला, एवढं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नाही. खरंच सांगतो.

पण मग बघितलं, पुढच्या शार्क आल्या त्या मासळीकडे नाही, पेटीकडे बघत होत्या. माणूस दिसला की खायला मिळतं हे त्यांना कळलेलं होतं. आणि ती 3 मैलांची रेघ कागदावर, शार्कला कुठे माहितीये! संध्याकाळी त्याच किनाऱ्यावर भावाची मुलगी कंबरभर पाण्यात लाटांवर उड्या मारत होती, माझं लक्ष काही तिच्यावरून हलेना.

आता सगळा दोष डायव्हवाल्यांवर टाकणं पण बरोबर नाही. फ्लोरिडातच वर उत्तरेला न्यू स्मर्ना बीचला दरवर्षी कित्येक जणांना शार्क चावतात, तिथे कोणी खाऊ घालत नाही, बोय माशांच्या थव्यांमागे ब्लॅकटिप जातीच्या शार्क येतात आणि गढूळ पाण्यात माणसाच्या पायाला तोंड लागतं. शिवाय गळाला आमिष लावणारे मासेमारही शार्कना खाऊच घालतात की, मग गळाला लागलेला मासा शार्कने तोडून नेला की तेच ओरडतात. आणि डायव्हिंगच्या पैशामुळे जिवंत शार्कला किंमत येते हेही खरं. तरी मला ती पेटी नाही पटली. लेमन शार्क दर हिवाळ्यात ज्युपिटरला आपणहून येतात, पेटीशिवाय गेलं तर कमी दिसतील, लांबून दिसतील, पण माणसाचा आणि घासाचा संबंध तरी जोडला जाणार नाही.

गावी आल्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेलो तर आमच्या बोटवाल्याने नेहमीसारखा बिस्किटांचा पुडा फोडला. म्हटलं, बाबा रे, बिस्किटां नको टाकू. तो म्हणाला, मगे पर्यटक काय बघतले? मी म्हटलं, असतत ते बघतले.