कोरं कायले राह्यलं? जिनिंगच्या स्टोअरमधली हत्यारं, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की हिंगणघाटकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं स्टोअर रिकामं होऊन राह्यलं आणि भंगारवाल्या भावाशी माझी बोलणी सुरू आहेत. तर माल घरी आला. गोठ्याच्या बाजूच्या खोलीत पोती अंथरून सगळं मांडलं, आणि बायकोनं दारातूनच विचारलं, "हे आता खत म्हणून टाकायचं का?"

हिशोब आधी सांगतो. भावानं साधा नियम लावला होता: पेटीतला माल कोरा, म्हणून त्याचा वेगळा भाव, सुटा माल किलोवर. पेटीतले तीन जॅक रंधे (लाकूड सपाट करायचे मधल्या लांबीचे), प्रत्येकी दीड हजार, म्हणजे साडेचार हजार. सुटा माल 22 किलो, 60 रुपयांनी, 1,320. एकूण 5,820. सुट्या मालात एक वापरलेला देशी रंधा, सहा पटाशा, कानशींचं एक पुडकं, दहाबारा सुट्या कानशी, नटबोल्टाचे पाने, आणि गिरमिटांची (लाकडाला भोक पाडायच्या हत्यारांची) एक लाकडी पेटी. तिला अर्धी वाळवी लागली होती, म्हणून तिला पेटी धरलं नाही. मी घासाघीस केली नाही. कोऱ्या पेट्या पाहून माझी जीभ जड झाली होती, खोटं कायले बोलू.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावचे मिस्त्रीकाका आले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. पेट्यांकडं पाहून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कोरं हाये म्हंतं तू. पन कोरं कायले राह्यलं, हे इचारलं का त्याले?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण ते पुढं येईल.

पहिला आठवडा वय ठरवण्यात गेला. हत्यारावरचा शिक्का काय सांगतो त्यापेक्षा कागद जास्त सांगतो, हे मला आता पटलंय. तीन रंध्यांपैकी एक रेकॉर्ड छापाचा 05, निळ्या रंगाचा, इंग्लंडातल्या शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा. त्यांनी रंधे काढायला 1931 मध्ये सुरुवात केली आणि स्टॅन्ले या अमेरिकन कंपनीच्या आकड्यांपुढं शून्य लावून आपले आकडे केले, म्हणून स्टॅन्लेचा 5 तो यांचा 05. लांबी 14 इंच, पातं 2 इंची. पेटीच्या बाजूला नागपूरच्या दुकानाचा रबरी शिक्का, आणि गावापुढं "सी.पी.". सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं 1950 मध्ये मध्य प्रदेश झालं, आणि नागपूर 1956 पर्यंत त्याची राजधानी होतं. म्हणजे पेटी 1931 ते 1950 मधली म्हणायला हरकत नाही. मात्र आपले दुकानदार शिक्का झिजेपर्यंत बदलत नाहीत, तेव्हा दोनचार वर्षं पुढं सरकवून ठेवा.

कानशींच्या पुडक्यावर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. रुपयांचा आकडा ओलीनं गेलाय, पण पुढं "75 न.पै." स्पष्ट. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले आणि 1 जून 1964 पासून "नवे" गळून नुसते पैसे राहिले. सात वर्षांची खिडकी मिळाली, तीही फुकट. असाच आणखी एक उपयोगी धागा पिनकोडचा. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, म्हणून पत्त्यात सहा आकडे छापलेले असतील तर माल त्याआधीचा नाही. आणि पेटीवर "वेस्ट जर्मनी" असेल तर 1949 ते 1990. पुडकी फाडून फेकणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे राजेहो, चिठ्ठी राहू द्या.

आता कानशी. इथं "कोरं" या शब्दाची पहिली फजिती झाली. सुट्या कानशी एकदाही वापरलेल्या नव्हत्या, शेपटाला मूठ बसल्याची खूणही नाही. पण त्या साठ वर्षं एका डब्यात एकमेकींवर पडून होत्या, आणि कानस कानशीवर घासली की तिचे दात जातात. अंगठ्यानं दातांच्या विरुद्ध हळू सरकवून पाहा: धारदार कानस कातडीला धरते, गेलेली नुसती घसरते. उजेडात तिरपी धरली की गेलेल्या दातांची टोकं चमकतात. सुट्यांतल्या सात अशाच चमकल्या. न वापरता झिजलेल्या! पुडक्यातल्या मात्र मेणकागदात एकेक गुंडाळलेल्या, त्या डझनभर अजून चावतात. दोन सुट्यांवर हलका गंज होता, त्या रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून, सोड्याच्या पाण्यात धुऊन, तेल लावून ठेवल्या. त्या बऱ्या झाल्या. जिथं गंजानं दातांची टोकंच खाल्ली होती तिथं व्हिनेगर काय करणार.

पाने पाहून भाऊ म्हणाला होता, "साइज चुकीची छापली हाये याच्यावर." चुकीची नाही. 1/2 डब्ल्यू लिहिलेला पाना व्हर्नियरला 23.4 मिलिमीटर भरतो. व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या पान्यावर बोल्टच्या दांड्याचा व्यास लिहायची पद्धत आहे, डोक्याची रुंदी नाही. त्यातही दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला इंग्रजांनी बोल्टची डोकी एक नंबरनं लहान केली, म्हणून काही पान्यांच्या एकाच तोंडावर दोन आकडे दिसतात. जिनिंगच्या जुन्या इंग्रजी यंत्रांसाठी हे पाने घेतले असणार. आज 23 चा पाना त्या बोल्टावर बसत नाही आणि 24 चा गोल करून टाकतो. मग या कोऱ्या पान्यांची किंमत काय? मोटारसायकलवाल्याला शून्य. ज्याच्याकडं आजोबांचं ऑइल इंजिन अजून विहिरीवर आहे, त्याला विचारा. मी चार पाने एका शेतकऱ्याला दिले, बदल्यात बाभळीचं एक वाळलेलं खोड मिळालं. दोघंही खूश.

पटाशांवर थोडं थांबतो, कारण यांच्याबद्दल चुकीचं फार ऐकू येतं. सहाही पटाशांवर "कास्ट स्टील" कोरलेलं आणि खाली शेफील्ड. आपल्याकडं कास्ट म्हटलं की लोक बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) समजतात आणि "टाकली की फुटंल" म्हणतात. हे ते नव्हे. मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद, शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समननं 1740 च्या दशकात ही रीत बसवली, त्याची ती खूण. धारेला पाणी उत्तम.

कोऱ्या पटाशीची ओळख: तिरप्या बाजूवर कारखान्याच्या दगडाच्या आडव्या, एकसारख्या रेघा असतात, आणि टोकाला दुसरा बारीक चमकता उतार नसतो. तो उतार असला तर कोणीतरी दगडावर लावून पाहिलीय. मुठीचा माथा पाहा, ठोकल्याचा ठसा लपत नाही. कडेचे कोपरे बोटाला टोचले पाहिजेत. मी नागपुरात एका दुकानातून "एकदम कोरी" म्हणून घेतलेली एक पटाशी आठवते. बफिंग चाकावर इतकी चमकवली होती की आरसा झाला, पण अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोल झालेल्या आणि अक्षरांच्या खड्ड्यात काळा गंज तसाच. तेव्हापासून मी आधी अक्षरं पाहतो, मग पोलाद.

या सहा मात्र खऱ्या कोऱ्या. तरी काम होतंच. मुठी आमच्या उन्हाळ्यानं आखडलेल्या, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि लोखंडी कडी बांगडीसारखी फिरते. पाठी सपाट नव्हत्या, दोघींना पोट होतं. पहिली धार लावली आणि सागाच्या आडव्या कडेवर चालवली, तर तिसऱ्या फटक्याला टोकाचा कण उडाला. घाबरू नका. कारखान्यात पाणी देताना पातळ टोक जास्त तापतं, तिथं पोलाद ठिसूळ राहतं. दोन-तीन वेळा मागं घासून आत गेलं की खरं पोलाद लागतं. चौथ्या धारेनंतर एक इंची पटाशीनं सागाची कड काकडीसारखी कापली.

आता रंधे.

रेकॉर्डच्या अंगावर ग्रीस वाळून तपकिरी वार्निशसारखं झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही, मी टर्पेंटाइन आणि जुनं सुती धोतर वापरलं. सुरीनं खरवडू नका, आतला रंग निघतो. खाली तळावर मशीनच्या रेघा जशाच्या तशा, स्क्रूच्या खाचांना एकही ओरखडा नाही. पोलादी पट्टी तळावर उभी धरून मागं टॉर्च लावला तर मधोमध उजेड, फट मोजायच्या फीलर गेजची 0.15 मिलिमीटरची पट्टी आत गेली. ओतीव बीड वर्षानुवर्षं थोडं हलतं, त्यात वावगं नाही. काचेच्या जाड तुकड्यावर 80 नंबरचा कागद चिकटवून तळ घासला, मग 120, मग 220. पातं मागं ओढून पण कसून बसवलेलंच ठेवायचं, कारण दाबानं तळ वाकतो आणि रंधा वापरताना तो दाब असतोच. दोन संध्याकाळी लागल्या.

इथं एक प्रश्न डोक्यात घोळत होता. पेटीसकट, एकदाही धार न लावलेला रेकॉर्ड 05 संग्रह करणाऱ्याला विकला तर जास्त पैसे येतात, आणि पात्याला दगड लागला की तो भाव गेला. मी दोन दिवस विचार केला. मग धार लावली. पातं टंग्स्टन पोलादाचं, धार सावकाश येते पण टिकते. त्या बाभळीच्या खोडावर चालवला, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली आणि आवाज असा की शेजारचं पोरगं पाहायला आलं. जे नुसतं जपतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण पेटी कपाटात आणि रंधा बाकावर, असं मी केलंय.

उरलेले दोन देशी रंधे, पेटीतले, प्रत्येकी दीड हजारांचे. पहिल्याचं पातं बसवलं तर तोंडाच्या फटीत तिरकं. पातं काटकोनात आहे का ते गुण्यानं पाहिलं, ते बरोबर. मग तोंडच वाकडं. दुसऱ्यात फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो तिरपा तुकडा, डुगडुगतो. कपड्याची नीळ खोबरेल तेलात कालवून फ्रॉगच्या बुडाला लावली, दाबून बसवला, उचलला: निळा ठिपका फक्त एका कोपऱ्यात. बाकी तीन कोपरे हवेत. घासायला गेलो तर खालची बैठक रंगाच्या आत ओबडधोबड, मशीन लागलेलंच नाही. कानशीनं चार तास घालवले तेव्हा तीन कोपरे टेकले.

आणि सुट्या मालातला वापरलेला देशी रंधा? त्याच कंपनीचा, तोच साचा. 2.2 किलो भरला होता, म्हणजे 132 रुपये. मूठ घामानं काळी, तळ आरशासारखा, तोंडाची कड कोणीतरी कानशीनं बारीक नीट केलेली. पातं पंधरा मिनिटांत तयार. पहिल्याच ओढीला अख्ख्या लांबीची साल.

मिस्त्रीकाकांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पेटी उचलली, झाकण उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं स्टोअरवाल्याचं अक्षर: "परत. तोंड वाकडे." दुसऱ्या पेटीच्या झाकणाखाली नुसतं "परत".

तीन रंधे आले असतील, एक चालला, तो कामावर राहिला, त्याची पेटी कधीच फेकली गेली. न चालणारे दोन पेटीत परत जाऊन बसले. आणि मी पेटीचे पैसे दिले. काका म्हणाले, "झाकन उलटून पाह्यलं असतं तर चहाचे पैसे वाचले असते." तीन हजारांचा चहा.

वाकड्या तोंडाचा रंधा मी सरळ करणार नाही, त्याची मूठ आणि स्क्रू सुटे भाग म्हणून ठेवतो. इंची आटे आहेत, आजच्या दुकानात मेट्रिक स्क्रू घेऊन आलात तर दोन फेरे बसतो आणि मग आटे खातो, त्यामुळं जुने स्क्रू सोन्यासारखे. डुगडुगणारा आता ओबडधोबड कामाला चालेल. त्याचं पातं कमानदार घासून बाभळीवर वापरून पाहीन, पुढच्या नोंदीत सांगतो.

काका गेल्यावर घरातल्या सगळ्या पेट्यांची झाकणं आणि बुडं उलटून पाहिली. रेकॉर्डच्या पेटीत काही नाही. कानशींच्या मेणकागदावर काही नाही. गिरमिटांच्या वाळवी लागलेल्या पेटीच्या तळाशी तीच निळी पेन्सिल, तेच अक्षर: "मोजले", आणि खाली बारा उभ्या रेघा.

पेटीत अकरा आहेत. भावाला फोन लावलाय, उचलत नाही.