पोदेराचा हॉर्न

गुरुवार, रात्री साडेदहा

आज सकाळी पाववाला पोदेर पों-पों वाजवत वळणावरून उतरला आणि आमचा कुत्रा चिकू उठला नाही.

झोपलेला नव्हता. पडवीच्या पायरीवर हनुवटी टेकून जागाच होता. एक कान तेवढा हलला. पोदेरानं सायकल थांबवली, टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारून आईसाठी चार उंडे, म्हणजे कडक गोल पाव, काढले, सवयीनं चिकूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं विचारलंही नव्हतं खरं तर. तो गेला, आणि माझा अख्खा दिवस तिथेच अडकून राहिला.

एरवी हॉर्न ऐकला की हा फाटकाला धडकायचा. उंड्याचा कडक तुकडा तोंडात धरून माडाखाली जायचा आणि पुढच्या दोन पंजांत दाबून शेवटचा कण संपेपर्यंत तिथून हलायचा नाही. 12 आठवड्यांपूर्वी तो तुकडा मी बंद केला. पोदेर यायच्या वेळी त्याला आत घेऊन दार लावायचे. आधी दार ओरबाडायचा. मग नुसता कण्हायचा. आज दार उघडंच होतं.

त्याच्या खाजेला गुण आलाय, नाही कशाला म्हणू? एप्रिलमध्ये बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती. चाटून चाटून पंजांचे केस गंजासारखे तांबूस झाले होते, कानांना आंबलेल्या पिठाचा वास यायचा. आता जांघेत नवे केस आलेत, पिल्लाच्या अंगावर असतात तसे मऊ. तिथे बोट फिरवलं की दिवसभराचा शीण जातो. त्यासाठी तर रोज रात्री काटा मांडून बसते. 18 किलोचा कुत्रा, वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे 450 ग्रॅम. त्यात 360 ग्रॅम बकऱ्याचं मांस, 45 ग्रॅम मऊ हाडं, 45 ग्रॅम आतले अवयव, आणि त्यातलं काळीज निम्म्याहून जास्त नाही. खाटीक आता मला बघितलं की न सांगता गुर्दा बाजूला काढतो. श्रावणात अख्ख्या घरात मांस तेवढं चिकूच्या डब्यात. तो छोटा फ्रीज मागच्या पडवीत, आई तिकडे फिरकत नाही. दादा फोनवर म्हणाला, "एका कुत्र्यासाठी एवढं?" मी काय बोलणार. किती वाजता उठते, कितीला झोपते, कधी विचारलं नाही त्यानं. चतुर्थीला येतोय, तेव्हा बघू.

पण गुण कशानं आला?

मी एका दिवसात सगळंच बदललं. पाकिटातले दाणे, चिकन, दूधभात, पाव, सगळं बंद. त्याजागी बकऱ्याचं मांस, जे आमच्या घरात कधी यायचंच नाही, आणि तेही कच्चं. खाज गेली, आणि कच्च्यानंच केलं म्हणून मी ज्याला त्याला सांगत सुटले. त्याचे डॉक्टर पहिल्यापासून वेगळं सांगत होते. कुत्र्यांना जास्त करून गोमांस, दूध, चिकन, गहू हेच बाधतं. प्रश्न कशातलं प्रथिन आहे याचा आहे, कच्चं की शिजलेलं याचा नाही. आधी न खाल्लेलं एकच मांस 8 आठवडे द्या, मग जुनी एकेक गोष्ट परत देऊन 2 आठवडे वाट बघा, रक्ताच्या चाचणीवर विसंबू नका. ते 8 आठवडे सरून महिना झाला. मी पुढे गेलेच नाही.

भीती वाटते. खाज परत सुरू होईल ही भीती आहेच, पण तिच्याहून मोठी दुसरी आहे. गहू त्याला बाधत नसेलच तर? मग इतके दिवस ते दार मी उगाच लावत होते. तो तर विचारूही शकत नाही, का म्हणून. सकाळपासून हेच घोळतंय. कान हलला होता, म्हणजे ऐकलं होतं त्यानं.

सोमवारी आईच्या केमोची तिसरी फेरी. तिच्या डॉक्टरांनी कच्चं मांस घरात नकोच म्हणून सांगितलंय. साल्मोनेला फ्रीझरमध्ये मरत नाही. मी हात धुते, ओटा धुते, भांडी वेगळी ठेवते हे सगळं त्यांना ऐकवून झालं. आईच मध्ये म्हणाली, "अगं, शिजवून दे की त्याला. इतकी वर्षं आपल्या घरचंच जेवला ना?"

तिचं ऐकायला हवं होतं, कधीच.

संध्याकाळी तेच मांस नुसत्या पाण्यात उकडलं. मीठ नाही, हळद नाही. हाडं काढून टाकली, शिजलेल्या हाडाच्या चिरफाळ्या होतात आणि आतड्यात रुततात. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पूड घातली. मध्येच लाईट गेली. अंधारात वाडगा पडवीभर सरकत भिंतीला लागल्याचा आवाज आला, तरी चाटणं चालूच. एवढ्या आवडीनं कच्चं खाल्लेलं मला आठवत नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी तिथेच पायरीवर बसून ऐकत राहिले.

2 आठवडे हे शिजवलेलं. मग उंडो, एक तुकडा, रोज. कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय. बाधला तर बाधला, निदान दार का लावायचं ते तरी मला कळेल. उद्या पोदेराला सांगून ठेवते.

आत्ता टॉर्च घेऊन पंजे बघून आले. बेचक्या कोरड्या आहेत.