‘जमा’ दाखवतंय

गेली अठरा वर्षं मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यातली अकरा स्कॉलरशिपच्या टेबलावर. या टेबलावर बसलं की माणूस हळूहळू स्क्रीनवर विश्वास ठेवायला लागतो. समोर उभा असलेला मुलगा काय म्हणतो यापेक्षा पोर्टलवर काय दिसतं ते खरं. अर्ज ‘सेंड बॅक’ झाला म्हणजे झाला, ‘अप्रूव्ह’ दिसला म्हणजे दिसला. मुलं काय, काहीही सांगतात. निदान त्या शुक्रवारपर्यंत माझं मत असंच होतं.

परीक्षा फॉर्मचा तो शेवटचा दिवस. फेब्रुवारी संपत आला होता. शुक्रवारनंतर विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क. प्राचार्यांनी आदल्या आठवड्यातच तोंडी सांगून ठेवलं होतं की जीओआयचे पैसे येऊनही ज्यांनी फी भरली नाही, त्यांचे फॉर्म पुढे पाठवू नका. लेखी असं कोणी देत नाही. जीओआय म्हणजे भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीच्या मुलांची, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाची. ऑफिसात तिचं पूर्ण नाव कोणी घेत नाही.

आमच्या डोक्याला ताप आहे तो २०२१मध्ये नियमावली बदलल्यापासून. पूर्वी फीची रक्कम कॉलेजच्या खात्यात यायची आणि मुलांना भत्ता मिळायचा. आता केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात पडतो, आणि त्याने सात दिवसांत फी कॉलेजात आणून भरायची. राज्याचा ४० टक्के वाटा वेगळा येतो, त्याच्या सवडीने. कागदावर हे चांगलं आहे, पैसा मुलाच्या हातात, मधे कोणी नाही. पण घरात चुलीपासून दवाखान्यापर्यंत सगळं अडलेलं असताना खात्यात तेरा-चौदा हजार आले, तर ते सात दिवस तसेच राहतील हे ज्याने लिहिलं, त्याला माझा दंडवत.

तर माझ्याकडे थकबाकीची यादी होती. अकरा नावं. अकराही जणांपुढे ‘जमा’ दाखवत होतं.

त्या यादीतली एक मुलगी साडेअकराला टेबलाशी आली. एस.वाय.ला, कॉम्प्युटर सायन्सला. हा कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे फी जास्त. मी तिला ओळखत होतो, कारण ती ‘कमवा व शिका’त लायब्ररीत काम करते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात ज्या कल्पनेवर कॉलेज उभं केलं, ती ही योजना. आता तिचं रूप म्हणजे पुस्तकांना नंबर चिकटवणं आणि तासांवर पैसे. ती मन लावून काम करते, एवढंच मला माहीत होतं.

“सर, माझा फॉर्म घ्या ना.”

“फी?”

“स्कॉलरशिप आली की भरते.”

“आलीय. जानेवारीतच आलीय. तेरा हजार आठशे. जमा दाखवतंय.”

“नाही ओ सर, नाही आली.”

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. वर बोललो ते आजही कानात आहे. म्हटलं, “पैसे घरी लागले असतील तर तसं सांग. खोटं कशाला बोलतेस?” मागे रांग होती, सगळ्यांनी ऐकलं. ती काही बोलली नाही. पिशवीतून पासबुक काढून तिने टेबलावर ठेवलं आणि बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली.

पासबुक मी बघणार नव्हतो. जुनं पासबुक आणून दाखवणारे पुष्कळ पाहिलेत. पण आमचे शिपाई मामा बेरकी, त्यांनीच ते उघडून माझ्यापुढे धरलं. “साहेब, कालच्याच तारखेची एंट्री हाय ही.” खरंच होती. जूनपासून कालपर्यंत फक्त ‘कमवा व शिका’चे पैसे जमा. कधी नऊशे, कधी अकराशे. काढलेलेही तसेच, दोनशे-तीनशे. तेरा हजार आठशे कुठेच नाहीत.

आता खरं तर मला दहा मिनिटांपूर्वीच कळायला हवं होतं. इथे एक बारकी गोष्ट आहे, ती कित्येक प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. बँकेने खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे, नोंद असणं वेगळं. ती नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. आज एका बँकेने केली आणि उद्या दुसऱ्या बँकेने तुमचं आधार तिथे नोंदवलं, की पैसे दुसरीकडे वळतात. पोर्टलवर मात्र आपलं ‘जमा’.

“दुसरं खातं आहे का कुठे?”

“नाही सर. अकरावीत हे एकच काढलं.”

आधारच्या संकेतस्थळावर जाऊन कोणती बँक जोडलेली आहे ते बघता येतं. त्याला ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तिच्या आधारला नंबर होता वडिलांचा. वडील ऊसतोडीला गेलेले. फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. ती म्हणाली, “फडात रेंज नसते सर. बाराला गाडी भरायला रस्त्यावर येतात, तेव्हा लागतो.”

मग आम्ही बारा वाजायची वाट पाहिली. रांग चालूच होती. मी फॉर्म घेत होतो, शिक्के मारत होतो, आणि ती त्या भिंतीपाशीच उभी. बस म्हणालो तरी बसली नाही. म्हणण्यात तेवढा जीव नव्हता बहुतेक.

सव्वाबाराला फोन लागला. ओटीपी म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको होतं, फसवणुकीच्या भीतीने कोणालाच आकडा सांगायचा नाही हे मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. “सायेब, ती बाई मोबाइलवर रोज सांगती, ओटीपी कुणाला देऊ नका म्हनून.” बरोबरच होतं त्यांचं. शेवटी मुलीने फोन घेतला आणि म्हणाली, “अण्णा, मी हाय. मी हितंच हाय.” पहिला ओटीपी तोवर शिळा झाला. दुसऱ्याला त्यांनी एकेक आकडा करून सहाही आकडे वाचले, आणि मागे कोणीतरी “बैल आवरा” म्हणून ओरडत होतं.

स्क्रीनवर बँकेचं नाव आलं. तिच्या पासबुकावरची बँक नव्हतीच ती. एक पेमेंट बँक होती, जिची शाखा म्हणजे मोबाइल रिचार्जचं दुकान.

तिला आठवायला वेळ लागला. बारावीनंतर, अठरा पूर्ण झाल्यावर, एस.टी. स्टँडबाहेर छत्रीखाली एक माणूस सिम कार्ड वाटत होता. फुकट. मशीनवर अंगठा घेतला. “नीट उमटला नाही म्हणून परत घेतला सर. दोनदा.” ते सिम तिने सहा महिन्यांत टाकून दिलं होतं. दुसरा अंगठा खात्याचा होता.

मी टेबल सहकाऱ्याकडे दिलं आणि तिला व मामांना घेऊन जवळच्या ग्राहक सेवा केंद्रात गेलो. कार्ड नाही, पासबुक नाही, खाते क्रमांक नाही, ज्या नंबरवर खातं उघडलं तो नंबर आता कोणाकडे आहे देव जाणे. पण आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर शिल्लक बघता येते. ज्या अंगठ्याने पैसे गेले, तोच आता कामाला आला. पहिल्यांदा मशीनने घेतला नाही. चिकट पट्ट्या लावून लावून बोटाचं टोक गुळगुळीत झालेलं. तिने ओढणीला पुसून परत ठेवला.

चिठ्ठी बाहेर आली. सत्तावीस हजार एकशे ऐंशी.

मला वाटलं मशीन चुकलं. मग हिशेब लागला: त्यात मागच्या वर्षीचाही वाटा होता. एफ.वाय.ला अर्ज ‘काही तरी त्रुटीत गेला असेल’ असं तिने धरून चाललं होतं, आणि फी वडिलांनी मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन भरली होती. ती उचल ते या वर्षी फेडत होते. म्हणजे सकाळी ज्या फडात फोन लागत नव्हता, त्या फडातला काही ऊस या चिठ्ठीसाठी तोडला गेला होता. तिला विचारलं नाही मी हे. तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं की तीही तोच हिशेब करतेय.

एका वेळी दहा हजारांपेक्षा जास्त निघत नाहीत. दहा हजार काढले. सोमवारपर्यंत बाकीचे काढू असं ठरलं. दहा हजारांत फी पूर्ण होत नव्हती, आणि प्राचार्य त्या दिवशी विद्यापीठात मीटिंगला. परीक्षा शुल्काचे पैसे आमच्या ‘पुअर बॉईज फंडा’तून द्यावेत म्हणून मी उपप्राचार्यांकडे गेलो. (फंडाचं नाव अजून तेच आहे, घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली.) त्या म्हणाल्या, फंडाची समिती सप्टेंबरमध्ये बसते, वाटप होऊन गेलं, शिल्लक नाही. मग पर्स उघडून त्यांनीच पैसे दिले आणि पावतीवर माझ्याकडून ‘परत मिळाल्यावर’ असं लिहून घेतलं. फॉर्म साडेचारला गेला. प्राचार्यांच्या तोंडी आदेशाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

तिला म्हणालो, सकाळी बोललो ते चुकलं. ती म्हणाली, “जाऊ द्या सर,” आणि लायब्ररीत गेली, तिचे दोन तास बाकी होते म्हणून. रांगेतल्यांपुढे बोललो होतो, माफी मात्र जिन्यात मागितली. हे मला त्याच वेळी कळत होतं.

सोमवारी मी यादीतल्या उरलेल्या दहा जणांना पासबुकासह बोलावलं आणि एकेकाची बँक तपासली. चौघांचे पैसे दुसऱ्याच खात्यात निघाले, त्यातले दोघे त्याच छत्रीवाल्याचे. तिघांनी मुकाट्याने फी भरली. दोघं आले नाहीत. उरला एक मुलगा. त्याचे पैसे बरोबर खात्यात आले होते आणि त्याने ते खर्चही केले होते, वडिलांच्या ऑपरेशनला. पावत्या घेऊन आला होता. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही.

त्याचं नाव अजून यादीत आहे. फंडाची समिती सप्टेंबरमध्ये बसेल.