अंगठा

2023 च्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी वेंगुर्ल्याच्या बँकेत गेले, तेव्हा खिडकीपलीकडे बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने शाईची डबी पुढे सरकवली आणि माझ्याकडे न पाहता म्हटले, “बाई, अंगठा लावला तरी चालेल.” नव्वदच्या दशकात साक्षरता वर्गात मी बंदरावरच्या मासे विकणाऱ्या बायकांना सही करायला शिकवले होते. त्या दिवशी माझा उजवा अंगठा त्यालाच उचलून शाईवर टेकवावा लागला, कारण तो माझ्या सांगण्याने हलत नव्हता.

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात एका पहाटे मला जाग आली, ती उजवी बाजू लुळी पडलेल्या अवस्थेत. मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मला झटका झोपेत नेमका केव्हा आला हे कोणालाच सांगता येईना, म्हणून ते दिले गेले नाही. दोन महिन्यांत पाय बराच सुधारला आणि मी काठी घेऊन खळ्यात फिरू लागले, पण हात गळ्यातल्या झोळीतच राहिला. या काळात कबुतराचे रक्त चोळण्यापासून देवस्कीपर्यंत सर्व सल्ले घरी चालत आले. आमच्या ह्यांनी ते सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकही अमलात आणला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ठाण्याच्या भाचीने मुंबईतील एका मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि डिसेंबरात आम्ही कुडाळहून कोकणकन्येने निघालो. डॉक्टरांनी चुंबकीय उत्तेजनाचा उपचार सुचवला, तेव्हा प्रथम मला तो जाहिरातीतल्या चुंबकाच्या पट्ट्यांचाच भाऊ वाटला. पण त्यांनी तत्त्व सांगितले आणि माझ्यातील विज्ञानाची शिक्षिका जागी झाली. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने 1831 साली दाखवले आणि मी ते वेटोळे व चुंबक घेऊन कितीतरी वर्गांना करून दाखवले. येथे वेटोळे डोक्यावर धरतात आणि वाहक म्हणजे कवटीखालचा मेंदू असतो. कवटीला छेद द्यावा लागत नाही. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 साली मेंदूवर हा प्रयोग यशस्वी केला, म्हणजे मी नोकरीला लागले त्याच्या आसपासच.

त्याआधी प्रश्नांची एक लांबलचक यादी भरून द्यावी लागली. डोक्यात धातूची क्लिप आहे का, कानात यंत्र बसवले आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, कोणती औषधे चालू आहेत. या उपचाराने क्वचित फिट येऊ शकते, म्हणून शेवटचे दोन प्रश्न त्यांनी भाचीला पुन्हा वेगळे विचारले.

पहिला दिवस मात्रा ठरवण्यातच गेला, आणि मला सर्वांत स्पष्ट आठवतो तो तोच दिवस. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेटोळे माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूवर ठेवून तंत्रज्ञ एकेक ठोका देऊ लागला. एका जागी माझा डावा, म्हणजे चांगल्या हाताचा, अंगठा आपणहून उडाला. दहा ठोक्यांपैकी किमान पाच वेळा प्रतिसाद मिळेल अशी सर्वांत कमी ताकद शोधतात आणि तिच्यावरून पुढची मात्रा बेततात. मग वेटोळे डाव्या बाजूला आले. उजवा अंगठा हलला नाही. ताकद वाढवली, तरी हलला नाही. मी मान वळवून भिंतीकडे पाहू लागले, तोच डॉक्टरांनी मला पडद्याकडे पाहायला सांगितले. अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेल्या तारांनी एक बारीकशी लाट टिपली होती. डोळ्यांना न दिसणारा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत होता, आणि त्यांच्या मते हे चिन्ह चांगले होते.

त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना आवर घालतात, एकाला इजा झाली की दुसऱ्याचा आवर जड होतो, म्हणून निरोगी बाजूला सेकंदाला एक असे सावकाश ठोके देऊन तिला जरा शांत करायचे, असा हा विचार. मात्र 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 12 केंद्रांच्या चाचणीत 199 रुग्णांपैकी खरे ठोके मिळालेले आणि लटके ठोके मिळालेले, असे दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. उलट, 2020 च्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने, झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत हातासाठी याच पद्धतीला सर्वांत वरचा दर्जा दिला होता. “व्यायामाशिवाय याचा उपयोग नाही, एवढे मी खात्रीने सांगतो,” असे ते म्हणाले. मी होकार दिला, तो या वाक्यामुळे.

दोन आठवड्यांत दहा सत्रे झाली. कानात बोळे, डोक्यावर खुणा केलेली टोपी आणि वीस मिनिटांत बाराशे ठोके. पावसाळ्यात पागोळ्या एकाच दगडावर पडत राहाव्यात तसे ते वाटत. दुखत नसे, फक्त तिसऱ्या दिवशी डोके जड झाले होते. खरे कष्ट त्यानंतरच्या तासाभरात होते. तेथे लाकडी खुंट्या उचलायच्या होत्या. घरी परतल्यावर त्यांची जागा काजूच्या बियांनी घेतली. एका वाडग्यातून दुसऱ्यात वीस बिया टाकायला प्रथम चाळीस मिनिटे लागत. मग चिंचोके आले, मग वाल. डावा हात सतत मध्ये लुडबुड करी, म्हणून दिवसाचे काही तास हे त्याला कापडी पिशवी बांधून ठेवत. त्या पिशवीवरून आमची जितकी भांडणे झाली तितकी तीस वर्षांच्या संसारात झाली नव्हती.

हाताची चाचणी 66 गुणांची असते. सत्रांपूर्वी मला 31 मिळाले, शेवटच्या दिवशी 38 आणि मे महिन्यात 47. यातले किती ठोक्यांचे, किती काजूंचे आणि किती मेंदूच्या आपसूक भरून येण्याचे, हे मला वेगळे काढता येत नाही. मे महिन्यात मी रातांबे फोडायला बसले, तेव्हा फळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टिकले; पण सुरी मात्र अजून डाव्याच हातात होती.

2024 च्या नोव्हेंबरात मी पुन्हा त्याच खिडकीपाशी उभी राहिले आणि शाईची डबी बाजूला सारून पेन मागितले. सही करायला बराच वेळ लागला, मागे रांग खोळंबली. विद्यार्थ्याने ती संगणकावरच्या नमुन्याशी ताडून पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली आणि अगदी शाळेतल्यासारखा चाचरत म्हणाला, “बाई, सही जुळत नाही हो.” मग नवा अर्ज भरून नमुन्याच्या तीन सह्या द्याव्या लागल्या, आणि त्या तिन्ही एकमेकींशीही जुळल्या नाहीत.